हस्ते कोण?

आमच्या सिल्वासात, आणि खाली वापी-दमणपर्यंत, कुठल्याही शाळेत, दवाखान्यात किंवा धर्मशाळेत जा. पंख्याच्या पात्यावर, पाणपोईच्या फरशीवर, बाकाच्या पाठीवर दात्यांची नावे रंगवलेली दिसतात. मराठी पाटीवर बहुधा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ एवढा मजकूर असतो. गुजराती पाटीवर त्याच्याखाली पुष्कळदा आणखी एक लहानसे अक्षर असते : ‘ह.’ म्हणजे हस्ते. दान आजोबांच्या नावाचे, पण पैसे आणून दिले नातवाने, तर ‘ह.’च्या पुढे नातवाचे नाव. कधी दाता नुसता ‘एक सद्‌गृहस्थ’ असतो. त्याला नाव नको असते. तरीही पैसे कोणाच्या हातून आले ते पाटी सांगून जाते.

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला एक फायदा असतो. आपल्या भाषेत सवयीने दिसेनाशी झालेली गोष्ट शेजारच्या भाषेत दिसते. आपण ‘वर्गणी’ म्हणतो, शेजारी ‘फाळो’ म्हणतात. आपण ‘देणगी’ म्हणतो तेव्हा देणाऱ्याकडे पाहतो. ‘हस्ते’ म्हटले की पैसा ज्या वाटेने आला त्या वाटेकडे नजर जाते. इतकी वर्षे शाळेच्या खुर्चीत बसून देणग्या घेतल्यावर माझे असे मत झाले आहे, की देणगीच्या बाबतीत खरी विचारण्यासारखी गोष्ट ही वाटच आहे.

आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे लहानपणापासून ऐकत आलो. दात्याचा अहंकार वाढू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पण आपल्याच भाषेत दुसरी एक म्हण आहे, ती गुप्तदानाच्या गोडव्यात आपण विसरतो : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू दान करून आपण पुण्य घ्यायचे. ही म्हण करणाऱ्या आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते, की दान किती दिले यापेक्षा ते कोणाच्या घरातून आले हे आधी पाहावे लागते.

हे ज्या मातीत बसून मी लिहितो आहे त्या मातीचा इतिहासच एका देण्याघेण्याचा आहे. एका पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना सालिना १२,००० रुपये उत्पन्नाच्या गावांचा महसूल देण्याचे कबूल केले आणि १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्या ताब्यात गेली. जमीन कसणाऱ्या वारल्या-कोकण्यांना त्या वेळी कोण विचारणार? हलवायाच्या घरावरचे ते तुळशीपत्र पुढे पावणेदोनशे वर्षे तसेच राहिले.

पण त्या व्यवहाराचे कागद राहिले होते, आणि एक दिवस ते कामी आले. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले ते गावांच्या महसुलाचे उत्पन्न, त्या गावांवरचे सार्वभौमत्व नव्हे, असा अर्थ न्यायालयाने मूळ तह आणि सनदा वाचून लावला. इंग्रजांच्या काळात तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य केली गेली, हेही न्यायालयाने म्हटले; तो भाग वेगळा. मला वर्गात हा धडा शिकवताना नेहमी कौतुक वाटते ते या गोष्टीचे, की कोणी दिले, काय दिले आणि कशाबद्दल दिले हे लिहून ठेवल्यामुळे एकशे ऐंशी वर्षांनी, सातासमुद्रापलीकडच्या न्यायाधीशांना त्याचा अर्थ लावता आला.

मुक्तीच्या लढ्याचाही पैशाशी संबंध आहे. दरवर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात मी मुलांना विचारतो, की लढायला गेलेल्यांच्या भाड्याचे, जेवणाचे, शस्त्रांचे पैसे कुठून आले? मुले गप्प बसतात. पुस्तकात तारखा असतात : जुलै १९५४ मध्ये दादरा, त्या महिन्याच्या अखेरीस नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. खर्चाचे पान पुस्तकात नसते. ते पान सुधीर फडक्यांच्या आणि लता मंगेशकरांच्या नावावर आहे. या कामासाठी निधी उभा करावा म्हणून १९५४ मध्ये पुण्याच्या हिराबाग मैदानावर लताबाईंच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. फडके त्या खटपटीत होते आणि पुढे स्वतः मोहिमेतही होते. म्हणजे आमच्या गावाच्या मुक्तीत पुण्याच्या तिकीटवाल्या श्रोत्यांचाही वाटा आहे.

परकी सत्तेच्या हद्दीत शस्त्रे घेऊन शिरायचे असेल तर त्याचा जमाखर्च चौकात लावता येत नाही, हे कोणीही मान्य करील. तिथे गुप्तता माणसांच्या जिवासाठी असते. परंतु काम झाल्यावर त्या मंडळींनी ही गोष्ट लपवली नाही. कार्यक्रम कोणी केला, कोण गायले, कशासाठी गायले, हे आज सर्वांना माहीत आहे. जिवाचे भय होते तोवर झाकले आणि भय सरताच उघडे केले. याला मी प्रामाणिक गुप्तता म्हणतो. हेच सुधीर फडके उतारवयात सावरकरांवरचा चित्रपट करायला निघाले तेव्हा पुन्हा लोकांपुढेच हात पसरून उभे राहिले. लोकांच्या देणग्यांतून झालेला तो चित्रपट २००१ मध्ये पडद्यावर आला.

चित्रपटाचा विषय निघाला म्हणून शेजाऱ्यांचे उदाहरण सांगतो. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन-दोन रुपयांतून झाला. पाच लाख नावे पडद्यावर कशी दाखवणार? पण चित्रपट सुरू होतो तो या शेतकऱ्यांच्या नावानेच. तेच त्याचे निर्माते. दोन रुपये देणाऱ्या माणसालाही आपला पैसा कुठे गेला ते गावात बसून डोळ्यांनी पाहता आले.

मोठ्या देणगीचे उदाहरण महर्षी कर्व्यांचे. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला द्यावे अशी अट होती. ती मान्य झाली आणि ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ हे नाव लागले. देणारे गुजराती भाषिक, घेणारे मराठी, आणि शिकल्या दोघांच्याही लेकी. नावासाठी दान दिले म्हणून ठाकरसींना नावे ठेवणारा एखादा भेटतो. मला तो व्यवहार स्वच्छ वाटतो. दात्याने काय दिले आणि बदल्यात काय मागितले, दोन्ही गोष्टी शंभर वर्षे फाटकावर लिहिलेल्या आहेत. ज्या देणगीची अट फाटकावर लिहिता येते, तिची भीती वाटायचे कारण नाही. जिची अट कुठेच लिहिता येत नाही तिची वाटावी.

आता आमच्या शाळेचे सांगतो. २०१५ चा उन्हाळा. आमचे सातवी-आठवीचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत. इकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको; जुलैत पत्र्यावर सर कोसळू लागली की फळ्यावरचे दिसते, पण शिक्षकाचे ऐकू येत नाही. गणिताच्या बाई अशा वेळी बोलणे सोडून नुसती उदाहरणे लिहीत सुटायच्या. संस्थेजवळ स्लॅबसाठी पैसा नव्हता. अशात जमिनीची कामे करणारे एक ओळखीचे गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘सर, तीन लाख आहेत. रोख. एका सद्‌गृहस्थांना द्यायचे आहेत. नाव नको, पावती नको, पाटीसुद्धा नको. गुप्तदान समजा.’’

संस्थेच्या बैठकीत विषय ठेवला. आमचे एक ज्येष्ठ सभासद, जुने किराणा व्यापारी, शाळेवर अपार माया असलेले, लगेच म्हणाले, ‘‘साहेब, लक्ष्मी चांदलो करवा आवे त्यारे मोढुं धोवा न जवाय.’’ लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. दुसरे सभासद मराठी. त्यांनीही म्हण काढली, ‘‘धर्माची गाय, दात का नाय, असं विचारू नये हो.’’ दोन भाषांतल्या दोन म्हणी एकाच बाजूला उभ्या राहिल्या. आणि खरे सांगतो, त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. पाऊस महिन्यावर आला होता आणि तीन लाखांत कामाला सुरुवात होणार होती.

बैठकीत पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक वारली गृहस्थ बसत. नाल्याच्या खालच्या अंगाला त्यांचा पाडा. वरच्या बाजूच्या एका कारखान्याचे पाणी नाल्यात येते, त्याने दोन वर्षे भाताची रोपे पिवळी पडली, अशी त्या पाड्याची तक्रार चालू होती. बैठकीत ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, ‘‘सर, पैसा कोनाचा?’’

कोणी उत्तर दिले नाही, कारण कोणाजवळ उत्तर नव्हते. तो पैसा त्या कारखान्याचा होता असे मी म्हणत नाही. आजही मला ते माहीत नाही. पण नेमका मुद्दा तोच होता. माहीत नसल्यामुळे त्या माणसाला उद्या आपल्या मुलीच्या वर्गाच्या छताकडे पाहून शंका आली असती, की हे छत माझ्या पिवळ्या पडलेल्या रोपांचे तर नाही? आणि तिचे निरसन करायला मी असमर्थ ठरलो असतो. गाईचे दात मोजू नयेत हे मान्य. पण ती कोणाच्या गोठ्यातून सोडून आणली आहे एवढे विचारायला हवेच ना? मूळ मालक उद्या दाव्याची दोरी घेऊन दारात आला तर?

मी त्या मध्यस्थ गृहस्थांना लेखी कळवले : देणगी आनंदाने घेऊ, धनादेशाने द्यावी, भिंतीवर नाव नको असेल तर लावणार नाही, पण वहीत नाव लिहावे लागेल आणि पावती फाडावी लागेल. त्यांनी पत्र वाचले, हसून घडी घातली आणि खिशात ठेवले. नंतर ते आले नाहीत. तीन लाख गेले. ते कुठे गेले, कोणत्या छताला लागले, कोण जाणे. आमच्या मुलांनी आणखी दोन पावसाळे पत्र्याखाली काढले. ज्येष्ठ व्यापारी सभासद माझ्यावर वर्षभर रुसून होते. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ते मुद्दाम माझ्या खोलीत येऊन बसत आणि काही बोलत नसत.

भिंत आणि वही यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. भिंत ही मानासाठी असते. तिच्यावर नाव लावणे न लावणे दात्याच्या मर्जीवर सोडावे. वही ही विश्वासासाठी असते. तिच्यातून नाव वगळायचा अधिकार दात्यालाही नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. आपल्या गुप्तदानाच्या कल्पनेत भिंतीवरून नाव उतरवले आहे. वहीतून ते खोडा असे कुठल्याही संताने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

कायद्यानेही हळूहळू हाच फरक ओळखला. २००६ च्या वित्त कायद्याने धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवर तीस टक्के कर बसवला. निव्वळ धार्मिक संस्था मात्र त्यातून वगळल्या. त्यामागचे तारतम्य समजण्यासारखे आहे : देवापुढच्या पेटीत रुपया टाकणाऱ्या बाईला नाव कोण विचारणार? २०१७ पासून दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलतही राहिली नाही. हिशेबनीस मंडळी या नियमांनी वैतागतात. आमचा कारकूनही वैतागतो. पण पावतीपुस्तकाचा कंटाळा हा संस्थेच्या नाशाचा पहिला टप्पा असतो, हे मी त्याला दरवर्षी मार्चमध्ये ऐकवतो.

शाळेत जे आमच्या वारली पालकाने विचारले, तेच पुढे देशाच्या पातळीवर विचारले गेले. राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय त्यात नव्हती. देणाऱ्याला दुसऱ्या पक्षाकडून त्रास होऊ नये म्हणून ही गुप्तता, असे समर्थन होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा त्यात भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या महिन्यात याद्या जाहीर झाल्या. कोणत्या पक्षाला किती मिळाले यावर घरोघर वाद झाले, तसे आमच्या शिक्षकखोलीतही झाले. मला त्यात पक्षापेक्षा एक साधे तत्त्व दिसले. सत्तेला मिळणारे दान आणि शाळेला मिळणारे दान यांत रकमेचे अंतर कितीही असो, ज्याच्या नावाने ते घेतले जाते त्याला ‘पैसा कोणाचा’ हे विचारण्याचा हक्क आहे.

मात्र या हक्काला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. आमच्याकडे एक निवृत्त परिचारिका दरवर्षी जूनमध्ये येतात आणि दोन मुलींचा वर्षाचा खर्च भरून जातात. त्यांची अट एकच : मुलींना कळता कामा नये. ‘‘उगाच त्या रस्त्यात मला पाहून मान खाली घालतील,’’ म्हणतात. त्यांचे नाव वहीत आहे, पावतीच्या स्थळप्रतीवर आहे, लेखापरीक्षक ते पाहतो. मुलींना माहीत नाही, वर्गाला माहीत नाही, आणि या लेखातही ते येणार नाही. कोणी मला म्हणाले, की उघडपणाच्या नावाखाली ते जाहीर करा, तर मी करणार नाही. ही बाई गुप्त राहते आणि तिचा पैसा उघड राहतो. त्या तीन लाखांचे नेमके उलटे होते. पैसाच झाकलेला होता.

शाळेचे छत शेवटी २०१७ मध्ये झाले. थोडा पैसा पालकांच्या वर्गणीतून आला. ती यादी आम्ही पालकसभेत वाचून दाखवली. रकमेच्या उतरत्या क्रमाने नव्हे, पावतीच्या क्रमांकाने, म्हणजे एकवीस रुपये देणारा पाच हजारवाल्याच्या आधी येऊ शकतो. मोठा वाटा एका कारखान्याने दिला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातला तो पैसा. रीतसर धनादेश, रीतसर करारपत्र, आणि भिंतीवर हातभर लांबीची पाटी. त्यांना पाटी हवी होती, आम्ही लावली.

उद्‌घाटनाला तोच वारली पालक आला होता. पाटीपुढे तो बराच वेळ उभा राहिला. ज्या कारखान्याच्या पाण्याबद्दल त्याची तक्रार होती, तो हा नव्हता. पण हाही त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला होता. कार्यक्रम संपल्यावर, चहाच्या वेळी, कारखान्याच्या अधिकाऱ्यांजवळ जाऊन त्याने शांतपणे विचारले, की साहेब, तुमचे पाणी कुठे सोडता? अधिकारी थोडे गोंधळले, मग त्यांनी आपल्या शुद्धीकरण यंत्रणेची माहिती दिली आणि एकदा येऊन पाहा म्हणाले. तो पुढच्या आठवड्यात पाड्यातल्या चार जणांना घेऊन पाहून आला. त्याचे पूर्ण समाधान झाले असे नाही. दुसऱ्या कारखान्याची तक्रार तर चालूच राहिली.

नाव कळल्याने पैसा पवित्र होत नाही, हे मी मुलांना सांगत असतो. नाव कळले की विचारायचे कोणाला ते कळते, एवढेच. त्या एवढ्याशासाठी आम्ही दोन पावसाळे पत्र्याखाली काढले. आमचे व्यापारी सभासद आता थकले आहेत, तरी २ ऑगस्टच्या झेंडावंदनाला येतात. मागे एकदा त्यांनी नातवाच्या वाढदिवसाची देणगी आणली. मी पावतीपुस्तक उघडले तेव्हा माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, ‘‘लखो, साहेब. हस्ते पण लखो.’’ मी लिहिले. आणि त्यांनी चष्मा लावून, नाव बरोबर आहे की नाही ते दोनदा वाचून पाहिले.